मीटरच्या मागचा जोड

दुकानासमोर गाडी थांबली की मास्तर ड्रायव्हरला आधी एकच सांगतात. ‘इंजिन बंद कर. आता नुसती चावी फिरव, सुरू करू नकोस.’ मग खिडकीतून डोकं आत घालून ते डॅशबोर्डवरचे दिवे मोजतात. बॅटरीचा, ऑइलचा, ब्रेकचा. ओठ हलतात, आवाज येत नाही. ‘हं, आता सुरू कर.’ गाडी सुरू होते, दिवे एकामागून एक विझतात, आणि मास्तर पुन्हा मोजतात. या वेळी विझलेले. गाडी हॉर्नसाठी आलेली असो नाहीतर वायपरसाठी, ही मोजणी चुकत नाही.

शेजारच्या शेडमध्ये डेंटर असतो, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. मास्तर हे नाव त्यानंच पाडलं. ‘काय मास्तर, झाली का हजेरी? आज कोण गैरहजर?’ असं तो हातोडा न थांबवता ओरडायचा. गल्लीनं ते उचललं. मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत, शिकायलाही फार गेले नाहीत, पण आता त्यांना दुसरं नाव असेल असं कुणाला वाटत नाही.

गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान म्हणजे एक शटर आणि त्यामागे दहा पावलांची खोली. भिंतीवर खिळ्यांना रंगांप्रमाणे वायरींची वेटोळी. फळीवर पत्र्याचे डबे, त्यांत मोहरीएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंतचे बल्ब. कोपऱ्यात भंगारातल्या कुठल्यातरी गाडीचं सीट, गिऱ्हाइकांना बसायला. त्या सीटला पट्टा अजून आहे. एखादं विनोदी गिऱ्हाईक तो लावून बसतं आणि म्हणतं, ‘चला मास्तर, सोडा गाडी.’ मास्तर हसतात. हसू त्यांच्या चेहऱ्यावर येतं आणि लगेच जागा चुकल्यासारखं परत जातं.

एक काम मात्र ते करत नाहीत. डॅशबोर्डवरचा लाल दिवा सतत लागून राहिला की ड्रायव्हर लोक वैतागतात. गाडी चालते आहे, थांबते आहे, मग हा कशाला डोळे वटारतोय? काढून टाका तो बल्ब. कुठल्याही दुकानात हे काम चहा प्यायच्या आत होतं. मास्तर म्हणतात, ‘कशानं लागतोय ते शोधतो. नुसता काढणार नाही.’

‘अहो, एक बल्ब काढायला तुमच्या बापाचं काय जातं?’

यावर मास्तर हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात, आत जातात आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईपर्यंत फळीवरचे डबे उगाच इकडचे तिकडे करत राहतात.

सगळ्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. तो विक्षिप्तपणा नाही. मास्तरांनी एकदा, सात वर्षांपूर्वी, असा एक दिवा बंद केला होता. नुसता बंद नाही, फार हुशारीनं बंद केला होता. तो दिवा त्यांच्या सख्ख्या भावाच्या गाडीतला होता.

दादा मास्तरांपेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याची पिकअप होती, पुढं दोन माणसांची केबिन आणि मागं उघडा हौदा. खताच्या गोणी, फरशा, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते तो वाहून न्यायचा. बाजारापर्यंत वहिनी रोज त्याच्या शेजारी बसून जायच्या. त्या पडदे शिवायच्या एका दुकानात कामाला होत्या, अजून आहेत. एके दिवशी ब्रेकचा लाल दिवा लागला. ब्रेकचं ऑइल डबीत कमी झालं की तो लागतो. मास्तरांनी ऑइल भरलं, दिवा गेला. दोन दिवसांनी परत लागला.

‘दादा, कुठंतरी गळतंय. चाकं काढून बघायला लागतील. गाडी दोन दिवस ठेव.’

‘आत्ता? हंगाम चालू आहे. पुढच्या आठवड्यात ठेवतो.’

‘ब्रेक आहे तो. रेडिओ नव्हे.’

‘लागतोय की ब्रेक. दाबतोय तसा लागतोय. तू फक्त हा दिवा घालव. तुझी वहिनी तो बघते आणि घरापासून बाजारापर्यंत माझं डोकं खाते. तात्पुरता बंद कर ना.’

‘काढला तर रिकामी जागा दिसेल त्यांना. त्या चावी फिरवली की बघतात.’

‘मग तू कसला कारागीर?’

या वाक्याला मास्तर भुलले. त्यांनी मीटर बाहेर काढलं. मीटर म्हणजे वेगाचा काटा आणि सगळे दिवे एकत्र बसवलेली ती स्टिअरिंगमागची चौकट. ब्रेकच्या दिव्याची वायर तोडली आणि बॅटरीच्या दिव्याच्या वायरीला जोडली. बॅटरीचा दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की जातो. आता ब्रेकचाही तसाच लागणार, तसाच जाणार. डबीत ऑइल असो वा नसो. जोडावर पिवळा टेप गुंडाळला, कारण हातात पिवळा होता. दादानं चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा गेला. दोघे भाऊ लहानपणी कुणाची तरी खोडी काढून हसायचे तसे हसले.

दादानं पुढच्या आठवड्यात गाडी ठेवली नाही. अकराव्या दिवशी, सकाळी सहाच्या सुमाराला, पाण्याच्या टाकीजवळच्या लांब उतारावर पिकअप वळलीच नाही. सरळ जाऊन मोरीच्या दगडी कठड्यावर आदळली. एवढ्या लवकर वहिनी बरोबर नव्हत्या; दादा एकटाच होता, तो गेला.

रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. म्हणजे ब्रेक दाबलाच नाही. म्हणजे झोप लागली. बघायला आलेला प्रत्येक माणूस याच तीन पायऱ्या चढला आणि तिथंच थांबला. ब्रेकची नळी तुटलेली होती, पण एवढ्या धडकेत ती तुटणारच. आदल्या रात्री दादाचं आणि वहिनींचं भांडण झालं होतं, हे शेजारच्यांनी ऐकलं होतं. भांडण कशावरून, तर नवं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून. पहाटेपर्यंत चाललं. घर माणसांनी भरलेलं असताना आई वहिनींना म्हणाली, ‘रात्रभर भांडलीस. घटकाभर डोळा लागू दिला नाहीस माझ्या पोराला. घेतलास त्याचा जीव.’

 वहिनींनाही तेच वाटत होतं.

मास्तर तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. खुणा नसण्याचा दुसरा अर्थ त्या घरात त्यांना एकट्यालाच माहीत होता. पाय तळापर्यंत जातो, ब्रेक लागत नाही, तेव्हाही रस्त्यावर काही उमटत नाही. ते बोलणार होते. तांब्या ठेवून बोलू, असं त्यांना वाटलं. मग कुणीतरी पाणी मागितलं.

वहिनी मुलीला घेऊन आपल्या भावाकडे राहायला गेल्या. नंतर त्या सासरचा जिना चढल्या नाहीत. मास्तर आईबरोबर राहतात. लग्न केलं नाही. इस्त्री लावली की तिच्यावरचा बारका लाल दिवा जाईपर्यंत ते तिच्यासमोरून हलत नाहीत. रस्त्यानं जाताना उभ्या गाड्यांच्या काचेतून आत डोकावतात. एकदा यावरून त्यांना कुणी चोर समजून हटकलंही होतं. दवाखान्यात आईला नेलं तर लिफ्टच्या दारावरचा आकडा लाल होतो आणि मास्तर म्हणतात, जिन्यानं जाऊ. दिवे त्यांना काही सांगत नाहीत. ते नुसते लागतात. एवढंच पुरतं.

*

परवा सकाळी अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक इंजिन वाजलं आणि मास्तरांचा हात थांबला. प्रत्येक इंजिनाला खोकला असतो. हा खोकला त्यांच्या ओळखीचा होता.

पिकअपचा रंग बदलला होता. डावी बाजू नव्या पत्र्याची होती, पण बघणाऱ्याला कळेल इतपत ती अजून वाकडी होती. चालवत होती पुतणी. आता वीस वर्षांची. खाली उतरली, चप्पल झटकली आणि म्हणाली, ‘काका, ओळखलंत का?’

‘तुला की हिला?’

‘दोघींना.’

‘मामानं काढली वाटतं बाहेर.’

‘मी काढायला लावली. सात वर्षं ताडपत्रीखाली कुजत होती. इंजिन केलं, टायर घातले. सोमवारपासून रोपवाटिकेच्या कुंड्या पोचवायचं काम धरलंय. सगळी ऑफिसं आहेत, कुंड्या नेऊन द्यायच्या, वाळलेल्या परत आणायच्या.’

डेंटर शेडमधून बाहेर आला, पिकअपच्या डाव्या बाजूवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. ‘हे काम कुणी केलं? पोळपाटावर लाटलाय का पत्रा?’

‘मामाच्या ओळखीचा होता एक.’

‘ओळखीच्याकडे काम दिलं की असंच होतं, ताई. अनोळखी माणूस निदान लाजतो.’ डेंटर परत गेला, हातोडा सुरू झाला.

पुतणीनं आवाज खाली आणला. ‘काका, हिचे दिवे वेड्यासारखे करतात. उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा लाल दिवा मंद मंद लुकलुकतो. हेडलाइट लावले की ऑइलचा अर्धवट पेटतो. कधी काहीच न करता दोन्ही लागतात आणि खड्डा आला की जातात. आई एकदा बसली शेजारी. मोजून दोन मिनिटं. म्हणाली, थांबव, मला उतरव. ही गाडी डोळे मिचकावते.’

‘आई कशी आहे?’

‘आहे. हळू बोलते. आता तर इतकं हळू की मी तिच्या ओठांकडे बघून अंदाज करते.’ ती थांबली. ‘तुम्ही येत का नाही हो आमच्याकडे? आई कधी तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही. म्हणते, भावोजींनी एका शब्दानं मला दोष दिला नाही. सगळ्या घरात तेवढे एकटे.’

मास्तरांनी खिडकीतून डोकं आत घातलं. ‘चावी फिरव. सुरू करू नकोस.’

बॅटरीचा लागला. ऑइलचा लागला. ब्रेकचा लागला. त्यांनी मोजले नाहीत. आवाज तर येत नव्हताच, आज ओठही हलले नाहीत.

पुतणी म्हणाली तसंच सगळं होत होतं. उजव्या इंडिकेटरबरोबर ब्रेकचा दिवा थरथरायचा, खोल पाण्यातून दिसावा तसा. मास्तरांना पहिल्या मिनिटातच आजार कळला. करंट बॅटरीतून निघतो, दिव्यातून जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येतो. मीटर पत्र्याला एका काळ्या वायरीनं जोडलेलं असतं. ती वायर सुटली की करंटला घरी जायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या दिव्यांतून उलटा शिरतो आणि जाता जाता त्यांना पेटवतो.

त्यांनी हे पुतणीला सांगितलं. सांगताना बरं वाटत होतं. एवढं जरी सांगत बसता आलं तरी दिवस निघून गेला असता.

‘म्हणजे भूत नाही,’ ती म्हणाली.

‘भूत नाही. गंज आहे.’

‘आईला सांगते. तिला गंज पटेल की नाही कोण जाणे.’

मीटर काढायला चार स्क्रू. त्यातला एक इतर तिन्हींपेक्षा लांब होता. मूळचा हरवला म्हणून मास्तरांनीच तो तेव्हा घातला होता. स्क्रूला ओळख नसते. तरी तो हातात घेतल्यावर त्यांनी तो पालथा ठेवला.

‘तू जरा चहा सांगून ये,’ ते म्हणाले. ‘कोपऱ्यावर. आणि तिथंच थांब, नाहीतर तो विसरतो.’

ती गेली. मास्तरांनी मीटर पुढं ओढलं आणि मागं हातदिवा धरला. काळी वायर पत्र्याला जिथं स्क्रूनं बसवली होती तिथं हिरवट-तांबूस पूड जमली होती, बोट लावताच गळाली. आणि त्याच्या वर, वायरींच्या जुडग्यात, पिवळा टेप. सात वर्षांत तो मातकट झाला होता, एका टोकाला सुटून लोंबत होता. जोड मात्र घट्ट होता. चांगल्या कारागिराचा जोड.

हा जोड म्हणजे जगातला एकमेव पुरावा होता. तो तोडायचा, ब्रेकची वायर मूळच्या जागी जोडायची, वर काळा टेप. दहा मिनिटं. त्यानंतर तसं काही कधी झालंच नव्हतं. गाडी सुरक्षित होईल, पोरगी सुरक्षित राहील, आणि वहिनी आहेत तशा हळू बोलत राहतील. आई वहिनींचं नाव घेणार नाही. भावोजींनी एका शब्दानं दोष दिला नाही, असं वहिनी सगळ्यांना सांगत राहतील. यातलं कुठलंही काम नवीन नव्हतं. मास्तरांना ते सगळं येत होतं.

त्यांनी कटर लावला. जोड तुटला तेव्हा टिक असा आवाज आला, नख कापताना येतो तसा. तुकडा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. ब्रेकची वायर जागेवर जोडली. गंज घासून काढला, नवी काळी वायर टाकली. मीटर बसवलं.  काम नेहमीसारखंच नीट झालं याचीच त्यांना भीती वाटली.

पुतणी चहा घेऊन आली. ‘झालं?’

‘बघ चालू करून.’

तिनं चावी फिरवली. सगळे दिवे लागले. उजवा इंडिकेटर दिला. हिरवा बाण उघडझाप करू लागला आणि दुसरं काही हललं नाही. हेडलाइट लावले, ऑइलचा दिवा होता तसाच राहिला. तिनं टाळी वाजवली. मग इंजिन सुरू केलं. बॅटरीचा गेला. ऑइलचा गेला.

ब्रेकचा राहिला. मंद नाही, थरथरता नाही. लालभडक आणि स्थिर.

मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीवर हातदिवा धरला. ऑइल खालच्या रेघेच्या कितीतरी खाली होतं. गाडी सात वर्षं उभी होती. चाकातली रबरं वाळली असणार, कुठंतरी गळत असणार.

‘काय झालं काका?’

‘गळतंय. चाकं काढून बघायला लागतील. दोन दिवस गाडी ठेव.’

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आले.

‘दोन दिवस? काका, सोमवारी काम सुरू होतंय. आज शुक्रवार. मला गाडी धुवायची आहे, हौद्यात फळ्या ठोकायच्या आहेत. ब्रेक लागतोय की, मी आत्ताच तर आले.’ तिनं त्या लाल दिव्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. ‘पुढच्या आठवड्यात एक दिवस आणून देते नक्की. तोवर हा घालवता नाही का येणार? आई हा बघून परत बसायची नाही. रोज डोकं खाईल माझं. तात्पुरता बंद करा ना.’

इंजिन चालू होतं. पलीकडे डेंटरचा हातोडा चालू होता. मास्तर बॉनेटच्या सावलीत उभे होते आणि पोरीचा चेहरा त्यांना काचेतून दिसत होता. तो दादाचा नव्हता, तिच्या आईचा होता. नुसतं वाक्य दादाचं होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या सीटवर बसणाऱ्या कुणालाही ते सुचलं असतं.

‘इंजिन बंद कर,’ मास्तर म्हणाले. ‘आणि खाली उतर.’

‘रागावलात का?’

‘उतर म्हणतो ना.’

त्यांनी कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. वायरींची टोकं, जळके फ्यूज, काड्या. त्यातून बोटभर लांबीचा पिवळा तुकडा शोधून तिच्या हातावर ठेवला. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऑइल भरूनही दिवा परत लागला होता ते. दादा काय म्हणाला ते. आपण काय जोडलं आणि का. हसलो ते. अकरा दिवस. तिला वायरींचं कळावं म्हणून मध्येच एकदा त्यांनी खडूनं जमिनीवर आकृतीही काढली. सवयच ती.

पुतणी आकृतीकडे बघत राहिली. ती रडली नाही. तिनं तुकडा उलटसुलट केला. ‘म्हणजे बाबांना माहीत होतं.’

‘हो.’

‘आणि तुम्हाला.’

‘हो.’

‘फक्त आईला नाही.’

‘तिच्यासाठीच तर केलं होतं,’ मास्तर म्हणाले आणि हे वाक्य किती भयानक आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

तिनं फोन लावला नाही. रिक्षानं गेली आणि पाऊण तासानं आईला घेऊन आली. वाटेत सांगितलं असावं. वहिनी रिक्षातून उतरल्या त्या थेट पिकअपपाशी गेल्या. पडदे शिवता शिवता उठून आल्या होत्या. दोऱ्याची दोन टोकं अजून पदराला चिकटलेली होती. सात वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते हे मास्तरांना माहीत नव्हतं.

‘दाखवा तो दिवा,’ त्या म्हणाल्या. खरोखरच ओठांकडे बघावं लागत होतं.

मास्तरांनी चावी फिरवली, इंजिन सुरू केलं, बाजूला झाले. वहिनी खिडकीतून त्या लाल दिव्याकडे बघत राहिल्या.

‘हा असा लागून राहायला हवा होता?’

‘हो, वहिनी.’

‘मी रोज बघायचे. चावी फिरवली की लागायचा. गाडी सुरू झाली की जायचा. मी म्हणायचे, बघा, गेला, किती बरं वाटतं. आणि हे हसायचे.’ त्या वळल्या. ‘मला वाटायचं, मी खूश झाले म्हणून हसतायत.’

मास्तरांनी इंजिन बंद केलं.

‘अकरा दिवस हसले, भावोजी. अकरा दिवस मी त्या माणसाशेजारी बसले.’ आवाज चढत होता. पुतणीनं आईकडे चमकून बघितलं. ‘विचारलं असतंत मला! सांगितलं असतंत, की गळतंय, दोन दिवस गाडी ठेवायला लागेल! मी ठेवायला लावली असती! मी चाकासमोर झोपले असते! म्हणूनच सांगितलं नाहीत ना? दोघे भाऊ. केवढे शहाणे. आणि कपाटावरून भांडते ती बाई वेडी!’

डेंटरचा हातोडा थांबला. वहिनींनी पिकअपच्या दारावर हात आपटला. दोनदा. ‘बोला की आता! आता का गप्प?’ त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या. त्या ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटशी बोलत होत्या.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. ‘म्हणजे झोप लागली नव्हती.’

‘ते मला माहीत नाही, वहिनी.’ खोटं बोलणं किती सोपं होतं. एक ‘नव्हती’ म्हटलं असतं की झालं असतं. ‘लागलीही असेल. नळी आधी गेली की धडकेत गेली ते कुणालाच सांगता येणार नाही. दिवा नव्हता, एवढं मला माहीत आहे.’

‘एवढंच मला सात वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.’ त्यांनी मुलीचा हात धरला. ‘आईंना सांगितलंत?’

‘नाही.’

‘मग चला.’

मास्तरांनी शटर ओढलं. भर दुपारी ते खाली येताना बघून डेंटर काहीतरी बोलायला गेला, पण तिघांचे चेहरे बघून त्यानं नुसता रस्ता दिला.

घर दोन गल्ल्या सोडून, शिंप्याच्या दुकानाच्या वर. जिन्यावर वहिनी मागं राहिल्या नाहीत. त्या पुढं होत्या. आई खिडकीशी खुर्चीवर बसून वर्तमानपत्राचे जुने कागद फळीच्या मापाचे कापत होती. तिनं मान वर केली, नातीला ओळखलं, मग सुनेला, आणि कात्री मांडीवर ठेवली.

‘हिला कशाला आणलंस?’

‘त्या आपणहून आल्यात. मला तुला काहीतरी सांगायचंय, आई.’

त्यांनी सांगितलं. दुकानात पुतणीला सांगताना शब्द होते, आकृती होती, खडू होता. इथं नुसतं तोंड होतं. दिवा मी बंद केला होता, ब्रेक गळत होता, मला माहीत होतं, दादाला माहीत होतं, वहिनींना आम्ही फसवलं. चार वाक्यांत संपलं.

आईनं कानाला हात लावला. ‘तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. मला काही ऐकू आलं नाही.’

खिडकी उघडी होती. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, गिऱ्हाइकं बोलत होती. मास्तर एक पाऊल पुढं झाले आणि मोठ्यानं बोलले. खालचं मशीन थांबलं. गल्लीनं ऐकलं असणार. पुतणी दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती. वहिनी सरळ आईकडे बघत होत्या.

आईनं मांडीवरच्या कागदाची घडी घातली, ती पुन्हा मोडली. डोळे कोरडे होते. ती सुनेला म्हणाली, ‘तुला कधी कळलं हे?’

‘आत्ता. दुकानात.’

‘त्याच्या आधी नाही?’

‘नाही.’

‘बस,’ आई म्हणाली. वहिनी बसल्या नाहीत.

मग आईनं मास्तरांकडे मान वळवली आणि पुन्हा कानाला हात लावला.

‘परत सांग.’

तिनं सगळं ऐकलं होतं हे मास्तरांना तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.